हरणासाठी मॅच गोळी की शिकारीची गोळी? निवड, चाचणी आणि नेम

मॅच गोळी, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीची गोळी, बनवताना कारखान्याचे लक्ष एकाच गोष्टीवर असते: प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच उडाली पाहिजे. लागल्यानंतर तिचे काय होईल, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही, कारण समोर कागद असतो. शिकारीच्या गोळीचे खरे काम मात्र कातडीला स्पर्श झाल्यावर सुरू होते आणि पुढच्या तीस-चाळीस सेंटीमीटरमध्ये संपते. त्यामुळे दोन्हींची तुलना फक्त कागदावरच्या ग्रुपवरून, म्हणजे लागोपाठ झाडलेल्या गोळ्या किती जवळजवळ बसल्या यावरून केली, तर निवड चुकते आणि त्याची किंमत जखमी होऊन निसटलेले जनावर मोजते.

पुढचे सगळे विवेचन जिथे हरणाच्या शिकारीला कायद्याची परवानगी आहे तिथल्यासाठीच आहे. अशा ठिकाणीही गोळीच्या प्रकारावर बंधन असू शकते. उदाहरणार्थ, स्कॉटलंडच्या नियमांनुसार हरणावर झाडायची गोळी फुलणारी (लागल्यावर टोक पसरणारी) आणि अपेक्षित रीतीने आकार बदलणारी असावी लागते. परवान्याच्या अटी वाचल्याशिवाय खोके विकत घेऊ नका.

टोकाला भोक आहे म्हणून गोळी फुलेलच असे नाही

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. सिएरा कंपनीच्या मॅचकिंगसारख्या गोळीच्या टोकाला बारीक छिद्र दिसते आणि लोक तिला ‘हॉलो पॉइंट’ (पोकळ टोकाची फुलणारी गोळी) समजून शिकारीला नेतात. ते छिद्र बनवण्याच्या पद्धतीतून उरलेले असते. साध्या लष्करी गोळीचे जॅकेट (शिशावरचे धातूचे आवरण) टोकाकडून बंद असते आणि शिसे बुडातून भरतात. मॅच गोळीत उलट केले जाते: बूड बंद आणि एकसारखे ठेवून शिसे टोकाकडून घालतात, मग टोक आवळतात. नळीतून बाहेर पडताना बूड जितके सारखे, तितका नेम सारखा. आवळल्यावर टोकाला अगदी बारीक भोक राहते. त्यातून आत शिरणारे रक्त आणि ऊती जॅकेट फाडायला पुरेसा दाब देतील याची खात्री नसते.

१८९९ च्या हेग घोषणेने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या गोळीचे नाव त्या वादामुळेच जगभर गेले. पुढे १९९० मध्ये अमेरिकी लष्कराच्या कायदेतज्ज्ञांनी मॅचकिंग गोळी युद्धात वापरता येते असे मत दिले. कारण हेच, की तिचे टोक उघडे असले तरी ते फुलण्यासाठी केलेले नाही. ज्या गुणामुळे ती तिथे चालते, त्याच गुणामुळे ती हरणासाठी भरवशाची नाही. खुद्द सिएराही मॅचकिंगची शिकारीसाठी शिफारस करत नाही.

मॅच गोळी हरणाला मारत नाही असे मात्र कुणी समजू नये. कित्येकदा जनावर जागीच लोळते. अडचण आहे ती बेभरवशाची. एकाच खोक्यातली एक गोळी टोक न उघडता आरपार जाते आणि फुप्फुसात पेन्सिलच्या जाडीचे भोक ठेवते. दुसरी आत वळून आडवी होते आणि मधोमध मोडते. तिसरी जवळून खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्या वरच फुटते. बाहेर भयंकर दिसणारी पण उथळ जखम होते आणि छातीची पोकळी शाबूत राहते.

शिकारीच्या गोळ्या आतून कशा असतात

साधी शिशाची गाभेदार गोळी म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे जॅकेट, आत शिसे आणि टोकाला उघडे शिसे किंवा प्लास्टिकची टोपी. जॅकेट टोकाकडे पातळ आणि बुडाकडे जाड ठेवलेले असते, त्यामुळे फुलणे पुढून सुरू होते आणि मागे थांबते. मध्यम आकाराच्या हरणावर, बरगड्यांमागे नेम घेतला तर ही गोळी अगदी योग्य. वजन बरेच गमावते, पण जखम रुंद करते.

गाभा आणि जॅकेट वेगळे होऊ नयेत म्हणून दोन उपाय निघाले. नॉसलरच्या पार्टिशन गोळीत मधोमध तांब्याचीच आडवी भिंत असते. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा तसाच पुढे घुसतो. ही रचना १९४० च्या दशकातली असूनही आजही टिकून आहे. दुसरा उपाय गाभा जॅकेटला सांधण्याचा. अशा बाँडेड गोळ्या हाड लागले तरी एकसंध राहतात.

तिसरा वर्ग संपूर्ण तांब्याच्या गोळ्यांचा, म्हणजे बार्न्स टीटीएसएक्स आणि तिच्यासारख्या. टोक पाकळ्यांमध्ये उलगडते आणि वजन जवळजवळ सगळे शिल्लक राहते. मात्र त्यांना वेग लागतो. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून ०.३०८ इंच व्यासात १५० ग्रेनऐवजी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) १३० ग्रेनची तांब्याची गोळी घेणे सहसा शहाणपणाचे ठरते: वेग वाढतो आणि नळीच्या आतल्या पीळदार खाचांना, म्हणजे आट्यांना, ती स्थिर ठेवणे सोपे जाते.

खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. हॉर्नाडी कंपनीच्या ईएलडी मॅच आणि ईएलडी-एक्स या दिसायला जुळ्या बहिणी आहेत, पण शिकारीच्या ईएलडी-एक्सचे जॅकेट जाड आहे आणि गाभा धरून ठेवायला आत कडे आहे. बर्गर कंपनीकडे नेमके उलट: तिथे शिकारीच्या गोळीचे जॅकेट मॅच गोळीपेक्षा पातळ असते, कारण ती थोडी आत शिरून मग फुटावी अशी कल्पना आहे. ईएलडी-एक्स आणि बर्गरची शिकारी गोळी, दोन्हींवर ‘शिकारीसाठी’ लिहिलेले असते, पण हाडावर दोघी सारख्या वागत नाहीत. बर्गरची गोळी बरगड्यांसाठी ठेवा. खांदा फोडायची वेळ येऊ शकत असेल तर बाँडेड किंवा तांब्याची घ्या.

लागतानाचा वेग आधी काढा

गोळी निवडताना नळीच्या तोंडाशी असलेला वेग पाहतात, तिथे गफलत होते. महत्त्वाचा असतो तो जनावराला लागतानाचा वेग. बहुतेक साध्या आणि बाँडेड गोळ्यांना फुलण्यासाठी सेकंदाला सुमारे ५५० मीटर, म्हणजे १,८०० फूट वेग हवा. तांब्याच्या गोळ्यांना सेकंदाला ६०० मीटरच्या वर ठेवलेले बरे. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या काही गोळ्या याहून कमी वेगालाही उघडतात. त्यांचा आकडा कारखान्याच्या माहितीत पाहा.

०.३०८ विंचेस्टरची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला ८५० मीटरने निघाली तर साडेचारशे मीटरच्या आसपास ती या सीमेवर येते. म्हणजे नेहमीच्या अंतरावर काळजी नाही. पण .३०० ब्लॅकआऊटसारख्या लहान काडतुसात, १२५ ग्रेनची गोळी सेकंदाला ६७० मीटरने सुटते तेव्हा, तीच सीमा दीडशे मीटरच्या पुढेमागे गाठली जाते. तिथे मऊ टोकाची, कमी वेगासाठी बनवलेली गोळीच लागते. उलट ७ मिमी मॅग्नमसारख्या वेगवान काडतुसात पातळ जॅकेटची गोळी चाळीस मीटरवर लागली, तर वेग जास्त झाल्यामुळेच ती फुटते. आपले सर्वांत जवळचे आणि सर्वांत लांबचे अंतर कागदावर लिहा, दोन्ही ठिकाणचा वेग बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरवर काढा आणि त्या दोन्ही आकड्यांत बसणारी गोळी निवडा.

मग मॅच गोळीचा फायदा किती? शंभर मीटरवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे २.९ सेंटीमीटर. दीड मिनिटाचा शिकारी ग्रुप दोनशे मीटरवर साधारण ८.७ सेंटीमीटर रुंद होतो, म्हणजे मध्यापासून सर्वांत दूरची गोळी साडेचार सेंटीमीटरवर. पाऊण मिनिटाची मॅच गोळी हेच अंतर निम्म्यावर आणते. मध्यम हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा पट्टा सुमारे वीस सेंटीमीटरचा असतो. त्यात हा दोन सेंटीमीटरचा फरक गुडघ्यावर किंवा काठीच्या आधाराने झाडताना हाताच्या थरथरीत हरवून जातो. वाऱ्याचेही तसेच: ताशी सोळा किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात, दोनशे मीटरवर १६८ ग्रेनची मॅच गोळी आणि १५० ग्रेनची शिकारी गोळी यांच्या सरकण्यात सेंटीमीटरभराचाही फरक पडत नाही.

स्वतः चाचणी कशी घ्यावी

आधी ग्रुप. प्रत्येक प्रकारच्या पाच गोळ्यांचे तीन ग्रुप शंभर मीटरवर घ्या आणि ग्रुपच्या मध्ये नळी थंड होऊ द्या. तीन गोळ्यांचा एकच सुंदर ग्रुप फसवतो. तांब्याच्या गोळ्यांकडे वळत असाल तर आधी नळीतला जुना थर पूर्ण काढा, नाहीतर त्यांच्यावर विनाकारण दोष येतो. नंतर वेगवेगळ्या दिवशी थंड नळीतून एकच गोळी झाडून ती कुठे बसते ते त्याच कागदावर नोंदवत जा. शिकारीत मिळते ती हीच गोळी.

मग फुलण्याची चाचणी. पंधरा सेंटीमीटर रुंदीचे पातळ प्लास्टिकचे सहा-आठ डबे काठोकाठ पाण्याने भरा, झाकणे लावा आणि सपाट फळीवर एकामागे एक, एकमेकांना चिकटवून ठेवा. मागे मातीचा भक्कम बांध हवाच. दगड किंवा लोखंड नको. डोळ्यांना आणि कानांना संरक्षण असू द्या. जवळच्या आणि लांबच्या, दोन्ही ठरवलेल्या अंतरांवरून प्रत्येकी किमान तीन गोळ्या झाडा. लांबचा वेग जवळून मिळावा म्हणून काडतुसातली दारू अंदाजाने कमी करू नका. काही दारू अशा कमी भरणीत धोकादायक वागतात.

पाण्यातली खोली मांसातल्या खोलीपेक्षा जास्त येते, त्यामुळे आकडा तुलनेपुरताच घ्या. चांगली गोळी पहिले एक-दोन डबे फाडते, तिसऱ्या-चौथ्या डब्यापर्यंत जाते आणि अळंबीसारखी फुललेली, मूळ व्यासाच्या दीड ते दोन पट झालेली सापडते. पहिलाच डबा उडाला आणि दुसऱ्यात नुसता चुरा दिसला, तर ती गोळी खांद्यासाठी बाद. पाच डब्यांना गोल, स्वच्छ भोके पडली, तर ती फुललीच नाही. तीनपैकी एक जरी अशी वागली तरी ती गोळी सोडून द्या. सापडलेली गोळी तोलून उरलेले वजन लिहून ठेवा.

स्वतः काडतुसे भरणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. वजन सारखे असले तरी एका गोळीची भरणी दुसरीला लावू नये. लांब गोळी केसमध्ये (काडतुसाच्या नळकांड्यात) खोल बसते, आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. त्याच गोळीसाठी दिलेल्या कमाल भरणीच्या दहा टक्के खालून सुरुवात करा. तांब्याची गोळी आट्यांपासून सव्वा मिलिमीटर किंवा जास्त मागे बसवली की बहुधा ग्रुप लहान होतो.

सरावाला मॅच, रानात शिकारीची

सरावासाठी मॅच गोळी उत्तमच. पण हंगामापूर्वी दुर्बिणीचा नेम शिकारीच्या गोळीवरच पुन्हा बसवा. दोन गोळ्या शंभर मीटरवर पाच-सात सेंटीमीटर वेगळ्या बसणे ही नेहमीची गोष्ट आहे. रानात जाताना मॅच काडतुसे घरी ठेवा.

हरीण पूर्ण आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या लगेच मागे, शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या रेषेवर नेम धरा. तिरपे उभे असेल तर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यांपुढे आणा आणि गोळी तिकडे पोहोचेल असा नेम घ्या. पातळ जॅकेटच्या गोळीने असा तिरपा बार करू नये. बार झाल्यावर जागा लक्षात ठेवा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबून मागावर जा. काळपट लाल रक्त बहुधा यकृताचे. तीन-चार तास द्या. हिरवट, वास येणारा द्रव म्हणजे पोट, तिथे सहा ते आठ तास थांबावे लागते. घाईने पाठलाग केलेले जनावर दूर जाते.

सोलताना शिरण्याची आणि निघण्याची दोन्ही भोके पाहा, छातीतली जखम किती रुंद आहे ते मोजा आणि वहीत गोळी, अंतर, वेग यांच्यासोबत लिहा. शिशाची गोळी वापरली असेल तर जखमेच्या भोवतालचे रक्ताळलेले मांस वीतभर तरी कापून टाका. शिशाचे कण डोळ्यांना दिसतात त्याहून लांब पसरतात, आणि मॅच गोळी फुटली असेल तर आणखी लांब. लहान मुले किंवा गरोदर बाई ते मांस खाणार असेल, तर तांब्याचीच गोळी वापरावी. कापून टाकलेले तुकडे कुत्र्यांना घालू नका.