बाळाचा डोळा मोठा दिसतोय? काय बघायचं, कुठे जायचं

बाळाचे डोळे मोठे असले की सगळे कौतुकच करतात, किती टपोरे डोळे म्हणून, आणि त्यामुळेच हा आजार कळायला उशीर होतो. जन्मजात काचबिंदूत डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जायची वाट नीट तयार झालेली नसते, पाणी साठतं, प्रेशर वाढतं. मोठ्या माणसाच्या डोळ्याचं आवरण टणक असतं त्यामुळे तो फुगत नाही, पण साधारण 3 वर्षांपर्यंत ते मऊ असतं आणि ताणलं जातं, म्हणून अख्खा डोळाच वाढतो. डॉक्टर याला बुफ्थॅल्मॉस म्हणतात.

घरी काय बघायचं? बाळ शांत असताना खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, अगदी समोरून फोटो काढा आणि आधीच्या महिन्यांचे फोटो शेजारी ठेवून बघा. एका डोळ्याचं बुबुळ दुसऱ्यापेक्षा मोठं दिसतंय का? दोन्ही डोळ्यांना एकदम झालं असेल तर मात्र फरक पटकन लक्षात येत नाही, आणि बऱ्याच बाळांना दोन्हीकडेच असतं. नवजात बाळाच्या बुबुळावरची पारदर्शक काच साधारण 10 मिमी रुंद असते, पहिल्या वर्षात ती 12 च्या वर गेली की डॉक्टर सावध होतात. पट्टी घेऊन घरी मोजायला जाऊ नका, डोळ्याला लागेल.

आकारापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बाळाचं वागणं. उजेडात नेलं की डोळे घट्ट मिटून घेतं, तोंड खांद्यात खुपसतं, सारखं पाणी येतं, बुबुळ निळसर किंवा दुधाळ धूसर दिसतं, यातलं काहीही असेल तर लगेच दाखवा. डोळ्यातून पाणी येतंय म्हणजे अश्रूनलिका बंद असेल, मसाज करा, होईल बरं, असं बरेच जण सांगतात, आणि खूपदा ते खरंही असतं, पण नलिकेच्या त्रासात सहसा चिकट घाण येते आणि उजेडाची एवढी भीती नसते. घरात उरलेला स्टेरॉइडचा ड्रॉप तर अजिबात घालू नका, त्याने प्रेशर आणखी वाढू शकतं.

जायचं ते लहान मुलांच्या किंवा काचबिंदूच्या नेत्रतज्ज्ञाकडे, आणि पुढच्या महिन्यात नाही तर याच आठवड्यात. धूसरपणा दिसत असेल तर त्याच दिवशी. जाताना ते फोटो न्या, घरात कुणाला लहानपणी काचबिंदू होता का ते विचारून ठेवा, चेहऱ्यावर जन्मापासून लालसर डाग असेल तर तोही दाखवा, कारण त्याच बाजूच्या डोळ्यात प्रेशर वाढलेलं असू शकतं.

बहुतेक वेळा भूल देऊन तपासतात. हे ऐकून आईबाबा घाबरतात ते समजतं, पण रडणाऱ्या बाळाचं प्रेशर नीट कळतच नाही. त्यात काचेची रुंदी, डोळ्याची लांबी, मागच्या नसेला झालेलं नुकसान, सगळं एकदम बघून होतं. कधी कधी फक्त काच मोठी असते, प्रेशर नॉर्मल निघतं, किंवा डोळा मोठा नसून मागून पुढे ढकललेला असतो, त्याचे उपचार वेगळे.

काचबिंदू निघाला तर मुख्य इलाज ऑपरेशनच, ज्यात पाण्याची अडलेली वाट मोकळी करतात, आणि ते एकापेक्षा जास्त वेळाही लागू शकतं. ड्रॉप्स तोवरच्या आधारासाठी. डॉक्टर बदलत असाल तर बाळाचं वय आवर्जून सांगा, कारण मोठ्यांना चालणारा ब्रिमोनिडीनचा ड्रॉप 2 वर्षांखालच्या बाळांना देत नाहीत, त्यांना गुंगी येते, श्वास मंदावतो.

ऑपरेशननंतर प्रेशर उतरलं तरी ताणलेला डोळा पुन्हा आधीसारखा लहान होईल अशी आशा धरू नका. खरी लढाई नजरेची असते. चष्मा लागतो, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावावी लागते, मूल ती ओढून काढतं आणि आपण परत लावायची, कंटाळा आला तरी, कारण डोळा आळशी झाला, म्हणजे मेंदूने तो वापरणंच सोडलं, तर ऑपरेशन चांगलं होऊनही दिसणार नाही. आवरण पातळ झालेलं असतं, त्यामुळे खेळताना पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या, काचांचा चष्मा घाला. तपासणी आयुष्यभर चालू ठेवायची आणि दर वेळचा प्रेशरचा आकडा वहीत लिहायचा. पुढचं भावंड झालं की त्याचेही डोळे पहिल्या काही दिवसांतच दाखवून घ्या.