‘मेट एक्झॉन 14 स्किपिंग’ : जनुकीय रिपोर्ट कसा वाचावा

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये हा उल्लेख आढळल्यास प्रथम त्यामागील यंत्रणा समजून घ्यावी. जनुकावरून आरएनए तयार झाल्यावर पेशी त्यातील इंट्रॉन (वगळायचे मधले तुकडे) कापून एक्झॉन (राखायचे तुकडे) जोडते. या स्प्लायसिंगमध्ये एखादा एक्झॉन गाळून एकाच जनुकापासून निराळे प्रथिन घडवणे ही निरोगी पेशींचीही नित्याची रीत आहे. मेट जनुकाचा चौदावा एक्झॉन गळणे मात्र महागात पडते. तो 141 बेसचा (जनुकीय संकेतातील अक्षरांचा), म्हणजे बरोबर 47 अमिनो आम्लांचा असल्याने तो गळूनही पुढील वाचनचौकट (तीन-तीन बेसच्या गटांत संकेत वाचण्याचा क्रम) ढळत नाही आणि प्रथिन कार्यक्षमच राहते. परंतु 1003 क्रमांकाच्या ज्या टायरोसिनला (एक अमिनो आम्ल) धरून सीबीएल हे प्रथिन मेटला विघटनासाठी पाठवते, ते टायरोसिन नेमके याच तुकड्यात असते. परिणामी मेट पेशीच्या पृष्ठभागावर अधिक काळ टिकते आणि वाढीचे संदेश देत राहते.

त्यानंतर बदलाचे स्थान पाहावे. ‘सी.3028+1जी>ए’ या नोंदीत 3028 हा एक्झॉनचा शेवटचा बेस असून ‘+1’ म्हणजे लगतच्या इंट्रॉनचा पहिला बेस. तेथे जी ऐवजी ए आल्यामुळे पेशीला कापण्याची जागा ओळखता येत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेने ‘सी.3082+1जी>ए’ असे लिहिले असल्यास तो दुसरा बिघाड समजू नये. मेटच्या एका आरएनए प्रतीत 54 बेस अधिक असतात (हा फरकही पर्यायी स्प्लायसिंगचाच!), त्यामुळे कोणती प्रत संदर्भासाठी घेतली आहे ते तपासावे.

तपासणी डीएनएवर झाली की आरएनएवर, हा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. डीएनए पॅनेल (अनेक जनुकांची एकत्रित चाचणी) इंट्रॉनचा पुरेसा भाग वाचत नसेल, तर तेथील बदल निसटतात. आरएनए चाचणीत तेरावा एक्झॉन थेट पंधराव्याला जोडलेला दिसतो. तथापि पॅराफिन ब्लॉकमधील (मेणात जतन केलेल्या ऊतीतील) आरएनए बऱ्याचदा तुटलेला असतो, म्हणून ‘आढळले नाही’ या निष्कर्षावर विसंबण्यापूर्वी नमुन्याच्या गुणवत्तेचा शेरा वाचावा. कॅपमॅटिनिब (अमेरिकेत मान्यता मे 2020) आणि टेपोटिनिब ही औषधे याच बदलासाठी असल्याने, डीएनए चाचणीत ईजीएफआर, एएलके या जनुकांतील बदलांसारखे कर्करोगाचे कोणतेही कारण सापडले नसेल, तर उरलेल्या ऊतीवर आरएनए चाचणी शक्य आहे का, हे कर्करोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे.