एआर-१५ ला परवडणारा बरा ट्रिगर कसा निवडायचा

एआर-१५ रायफलसोबत येणारा मिल-स्पेक (लष्करी मापदंडाचा) ट्रिगर टाकाऊ नसतो, तो लष्कराच्या गरजेचा आहे एवढंच, म्हणजे चिखलात चालला पाहिजे, थंडीत चालला पाहिजे आणि चुकून सुटता कामा नये. त्याचं वजन, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, याला स्पेकमध्ये ५.५ पासून ९.५ पाउंडापर्यंत मोकळीक आहे, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन रायफली घेतल्या तरी एक बरी आणि दुसरी दगड निघू शकते.

पण खरी कटकट वजनाची नाहीच, खरखरीची आहे. मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा आणि मग ट्रिगर अगदी हळू दाबून बघा. मध्येच कुठेतरी कचकन अडकतो, वाटतं आता सुटेल, सुटत नाही, परत सरकतो, परत अडकतो, आणि शेवटी सुटतो तोवर क्रॉसहेअर टार्गेटवरून हललेलं असतं. ६ पाउंडाचा पण स्वच्छ तुटणारा ट्रिगर ४ पाउंडाच्या खरखरीत ट्रिगरपेक्षा कधीही चांगला, पैसे मोजायचे ते या स्वच्छपणासाठी.

आधी फुकटातला उपाय करा. सिअर, म्हणजे ठोका देणाऱ्या हॅमरला अडवून धरणारी कड, जिथे घासतो तिथे कणभर ग्रीस लावा आणि घरी भरपूर ड्राय फायर करा, म्हणजे रिकाम्या रायफलचा ट्रिगर ओढा, बराच फरक पडतो. फक्त अप्पर (रायफलचा वरचा अर्धा भाग) लावलेलं असू द्या, नाहीतर हॅमर थेट लोअरवर, म्हणजे खालच्या भागावर, आपटतो. आणि व्हिडिओ बघून सिअर दगडावर घासायला बसू नका, त्या भागांचा कडकपणा वरच्या पातळ थरापुरताच असतो, तो गेला की आतलं मऊ लोखंड झिजत जातं.

तरी विकत घ्यायचाच असेल तर आधी सिंगल स्टेज (एकाच टप्प्यात सुटणारा) की टू स्टेज (दोन टप्प्यांत) ते ठरवा. साधा रेंजवरचा वापर असेल तर सिंगल स्टेजमध्ये एएलजी कंपनीचा एसीटी बघा, रचना मिल-स्पेकचीच, पण पॉलिश केलेला आणि निकेल-बोरॉनचं कोटिंग असलेला. वजन फार उतरत नाही पण खरखर जाते, आणि शंभर डॉलरच्या आत येतो. बेंचवरून किंवा लांबचं टार्गेट मारत असाल तर टू स्टेज घ्या, पहिला टप्पा ओढला की भिंत लागते आणि तिथून पुढे थोडासाच दाब. यात माझं मत लारूच्या एमबीटी-२एस ला, ४.५ पाउंड, किंमत साधारण शंभर डॉलरच्या आसपास. गायसलीचा एसएसए जास्त नावाजलेला आहे, पण दुपटीहून जास्त पैसे मोजण्याइतका फरक नवख्याच्या बोटाला कळतो असं मला नाही वाटत. सर्व्हिस रायफलच्या (लष्करी नमुन्याच्या रायफलींच्या) मॅचेस खेळायच्या असतील तर कमीत कमी ४.५ पाउंडाचा नियम आहे, म्हणून त्याखाली जाऊच नका.

३.५ पाउंडाचे ड्रॉप-इन, म्हणजे डब्यासारखं अख्खं युनिट, बसवायला सोपे खरे, पण पहिलीच रायफल असेल तर एवढा हलका नको. ऑर्डरआधी ट्रिगर आणि हॅमर धरून ठेवणाऱ्या पिना बघा, बहुतेक रायफलींना ०.१५४ इंचाच्या लागतात पण काही जुन्या कोल्टमध्ये जाड असतात. नुसती कमी ताकदीची हॅमर स्प्रिंग टाकून वजन उतरवायचा स्वस्त मार्गही आहे, पण कडक प्रायमरच्या (गोळीच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी) गोळ्यांवर ठोका हलका पडतो आणि गोळी उडतच नाही. फोर्स्ड रिसेट, बायनरी वगैरे झपाट्याने गोळ्या झाडायचे ट्रिगर हा वेगळा विषय आहे, अचूकतेशी त्यांचा संबंध नाही आणि अमेरिकेतल्या काही राज्यांत थेट गुन्हा आहे. (एच-१बी व्हिसावर असाल तर त्याआधी बंदूक बाळगण्याचाच नियम नीट वाचा, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर फेडरल कायद्याने मनाई आहे, ग्रीन कार्डवाल्यांना ती अडचण नाही.)

बसवून झालं की रिकाम्या रायफलवर तपासणी करायचीच. हॅमर कॉक करून सेफ्टीवर ट्रिगर दाबा, हॅमर पडता कामा नये, बोट काढून सेफ्टी उघडली तरीही नाही. मग दाबला की पडला पाहिजे. ट्रिगर दाबूनच ठेवा, चार्जिंग हँडल ओढून सोडा, हॅमर कॉकच राहिला पाहिजे, आणि बोट हळू सोडल्यावर क्लिक ऐकू आली की रिसेट झाला, म्हणजे पुढच्या दाबाला तयार. रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भरा, एका दाबात दोन्ही गेल्या तर लगेच थांबा आणि रायफल गनस्मिथकडे न्या.