उजनीसाठी शिडाची होडी घेताय? आधी बूड बघा

सोलापूरकरांना समुद्र लांब, पण उजनी हाताशी. मात्र पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. बाकी भिंती, खोडं कुठं लागतील नेम नाही. म्हणून बुडाखालची फळी (वाऱ्यानं होडी आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडतात ती) वर घेतल्यावर होडी वीतभर पाण्यात तरंगली पाहिजे.

फळी दोन तऱ्हेची. डॅगरबोर्ड बुडातल्या खाचेतून सरळ खाली खुपसतात. दगडाला धडकला की धक्का थेट खाचेला. सेंटरबोर्ड पिनवर फिरतो, आपटला तर मागं उचलला जातो. मी तोच घ्या म्हणेन, सुकाणूही तसंच उचलणारं. पैसे मोजण्याआधी फळी चार वेळा वर-खाली करून बघा. खाचेत गाळ असला तर अर्ध्यात अडकते.

लेझर नावाची होडी ४.२ मीटरची, चपळ, पण एकट्याची. पोरंबाळं न्यायची तर रुंद बुडाची घ्या.

माझं पोट होडी गाडीमागं ओढून न्यायचे ट्रेलर बनवण्यावर, म्हणून हे जरा जास्त सांगतो. सांगाडा गॅल्व्हनाइज्डच हवा. हायवेवरून आल्या आल्या चाकं पाण्यात घालू नका. तापलेलं हब एकदम गार पडलं की पाणी आत ओढतं आणि बेअरिंग जातं. आधी निवांत चहा घ्या. आणि डोलकाठी उभी करताना वर विजेच्या तारा नाहीत ना, तेवढं बघा.