रेल्वेने श्रीलंका : नागपूरहून निघणाऱ्यांसाठी

नागपूरहून श्रीलंकेला जाणारी बरीच मंडळी कोलंबोला उतरल्यावर चालकासह गाडी ठरवतात आणि आठवडाभरात सगळा देश उरकतात. त्यात गैर काही नाही. मात्र या देशाचा डोंगराळ मध्यभाग रेल्वेच्या खिडकीतून जसा दिसतो तसा रस्त्यावरून दिसत नाही. म्हणून सहलीची आखणी आधी रेल्वेभोवती करावी आणि जेथे रूळ पोहोचत नाहीत तेवढ्यापुरतीच गाडी करावी, असे माझे मत आहे.

नागपूरहून तमिळनाडू एक्स्प्रेस किंवा जी.टी.ने चेन्नई गाठून तेथून कोलंबोचे विमान धरणे सोयीचे पडते. त्यापूर्वी ऑनलाइन ईटीए (श्रीलंकेत प्रवेशाचा इलेक्ट्रॉनिक परवाना) काढून ठेवावा. काळ निवडताना शाळेच्या सुट्ट्यांपेक्षा पावसाकडे पाहावे लागते, कारण दिवाळीच्या सुमारास तेथे जोरदार सरी असतात आणि मेअखेरीस नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्याआधीच पोहोचतो. जानेवारी ते मार्च हा डोंगर व दक्षिण किनारा या दोन्हींसाठी उत्तम काळ आहे. एप्रिलच्या मध्यावर सिंहली-तमिळ नववर्षामुळे गाड्या भरून वाहतात, तेव्हा ते दिवस टाळावेत.

सर्वांत आधी कँडी ते एला या डोंगरातल्या रेल्वेटप्प्याची तारीख ठरवावी. आरक्षण साधारण ३० दिवस आधी खुले होते आणि परदेशी पर्यटकांची उडी याच गाड्यांवर असल्याने जागा पटकन संपतात; त्यामुळे कँडीतला मुक्काम एखाद्या दिवसाने पुढेमागे करता येईल असा ठेवावा. कोलंबोहून येणारा मुख्य मार्ग पेरादेनियाहून थेट पुढे जातो आणि कँडी तेथून फुटणाऱ्या फाट्यावर आहे, म्हणून प्रत्येक गाडी कँडीला येईलच असे नाही; तिकीट काढताना चढण्याचे स्थानक नीट पाहावे. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस आलेल्या दित्वा चक्रीवादळाने या मार्गाचे मोठे नुकसान केले होते, त्यामुळे कोणता भाग सुरू आहे याची खात्री केल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नयेत.

डब्याच्या निवडीत नागपूरकराची सवय आड येते. मे महिन्यात आपल्याकडे एसीशिवाय जीव रमत नाही, पण तेथील वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या खिडक्या उघडत नाहीत. दुसऱ्या वर्गाचे आरक्षण घ्यावे, म्हणजे चहाच्या मळ्यांवरचा गार वारा थेट अंगावर येतो. हा मार्ग ब्रिटिशांनी आधी कॉफी आणि नंतर चहा बंदरापर्यंत नेण्यासाठी बांधला. १८६७ मध्ये तो कँडीला पोहोचला आणि बदुल्लापर्यंत जायला १९२४ उजाडले. रुळांची रुंदी आपल्या ब्रॉडगेजइतकीच, पण चढ इतका की गाडी नावलपिटियानंतर रेंगाळत, वळणे घेत हॅटन व नानू ओया मागे टाकते आणि पट्टिपोलाजवळ सुमारे १,९०० मीटर उंची गाठते. तेथील बोगद्याच्या एका तोंडाशी धुके आणि दुसऱ्या तोंडाशी ऊन, असे अनेकदा घडते. हा टप्पा सहा-सात तासांचा असतो; गाडी उशिरा धावेल हे गृहीत धरून त्या संध्याकाळी दुसरे काही ठरवू नये.

वाटेत विक्रेते टोपल्या घेऊन चढतात आणि शाळकरी वह्यांच्या पानांच्या पुड्यांत गरम वडे देतात. परिप्पू वडे म्हणजे आपले डाळीचेच, तिखटही झकास. इस्सो वड्यावर मात्र अख्खी कोळंबी बसवलेली असते, हे शाकाहारींनी पाहून घ्यावे.

एलाजवळचा नऊ कमानींचा पूल गाडीतून जेमतेम दिसतो. पोलादाविना, दगड-विटा व सिमेंटने बांधलेला हा पूल गावातून पायी जाऊन निवांत पाहावा. दारात लोंबकळत छायाचित्रे काढण्याचा प्रकार जिवावर बेतणारा आहे. पुढे देमोदरा येथे रूळ वळसा घेऊन त्याच स्थानकाच्या खालच्या बोगद्यातून जातात.

प्रचंड खडकावरचा प्राचीन किल्ला असलेल्या सिगिरियाला स्थानक नाही, सर्वांत जवळचे हबरण. तेव्हा कँडीहून दांबुल्लामार्गे रस्त्यानेच जावे. अनुराधपूर मात्र उत्तरेच्या जाफना मार्गावर आहे. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधपूरच्याच महाबोधीच्या फांद्यांपासून वाढला असून त्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणल्या होत्या. नागपूरच्या माणसाने हे ठिकाण वगळू नये.

कोलंबो ते गाले हा किनारी प्रवास शेवटी ठेवावा. जाताना उजवीकडे बसावे, कारण रूळ कित्येक ठिकाणी समुद्राला चिकटून जातात. याच मार्गावर पेरालियाजवळ २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने एक भरलेली गाडी उलथवली आणि हजाराहून अधिक लोक गेले. गालेचा डच तटबंदीचा किल्ला बघायला अर्धा दिवस पुरतो, परंतु तटावरून सूर्यास्त पाहायचा असल्यास तेथेच मुक्काम करावा. परतीचे विमान पहाटेचे असेल तर शेवटची रात्र कोलंबोत न काढता विमानतळाजवळच्या नेगोम्बोत काढावी.