चावी फिरवण्याआधी फोन गप्प करा

व्हॉट्सॲपवरचा एक साधा मेसेज वाचायला चार-पाच सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे मेसेज संपेपर्यंत ७०-८० मीटर रस्ता तुम्ही न बघताच कापलात. याच वेगात कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला वीसेक मीटर पुरतात. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतारावर ते पुरत नाहीत, पावसात तर नाहीच. आणि ब्रेक मारायची वेळ आली हे आधी दिसायला तर हवं.

रिंग वाजल्यावर ‘उचलू की नको’ असा विचार करणारा बहुतेक वेळा उचलतोच. म्हणून फोनचं सगळं काम गाडी जागेवर उभी असतानाच उरकायचं.

फोनची तयारी

अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही फोन गप्प ठेवणारी सोय शोधा. मेनू कंपनीगणिक वेगळा असतो, त्यामुळे वरच्या शोधपट्टीत नाव टाकलेलं बरं. त्यात फक्त स्टार केलेल्या नंबरांचे कॉल येऊ द्या आणि घरच्या दोन-तीन नंबरांनाच स्टार द्या. ‘रिपीट कॉलर्स’ चालू ठेवलं की १५ मिनिटांत एकाच नंबरवरून दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजतो. खरोखर अडचणीत असलेला माणूस दुसऱ्यांदा फोन करतोच. हे घरी सांगून ठेवा.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, फोकस, ड्रायव्हिंग असं जा. गाडीच्या ब्लूटूथला फोन जोडला की फोकस आपोआप सुरू होईल असं ठरवता येतं. त्यातल्या आपोआप उत्तरात आपल्या भाषेत लिहा: ‘गाडी चालवतोय, पोचलो की फोन करतो.’ हे उत्तर साध्या मेसेजला जातं, व्हॉट्सॲपला नाही.

‘कुठवर आलास?’ हा घरचा फोन तर ठरलेलाच. त्यावर उपाय म्हणजे निघतानाच व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवणं. मुदत १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास ठेवता येते; लांबच्या प्रवासाला सरळ ८ तास.

नकाशा

पत्ता टाकून, रस्ता निवडून, आवाज ऐकून मगच निघा. गूगल मॅप्समध्ये मराठी आवाज निवडता येतो. तो नीट ऐकू आला तर स्क्रीनकडे बघायची गरजच निम्मी होते. ताम्हिणीसारख्या घाटात रेंज जाते, एखादं वळण चुकतं, नकाशा नवा रस्ता दाखवत नाही आणि माणूस चालत्या गाडीत स्क्रीन टोचत बसतो. त्या भागाचा ऑफलाइन नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. रात्रीसाठी रंगसंगती गडद करा. उजळ स्क्रीनवरून नजर उचलली की अंधारातला विनादिव्याचा ट्रॅक्टर काही क्षण दिसतच नाही.

फोनचा होल्डर काचेच्या मधोमध उंचावर लावू नका, डावीकडून रस्ता ओलांडणारा माणूस त्याच्यामागे लपतो. एअरबॅगच्या झाकणावर तर नकोच. स्टिअरिंगच्या डावीकडच्या एसीच्या जाळीवर लावणं बरं. मे महिन्यात उन्हात तापलेला फोन स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो. थंड हवेपुढे तो टिकतो. लावल्यावर फोनसकट जोरात हलवून बघा.

हँड्सफ्रीचं काय?

हात मोकळे राहतात, डोकं अडकलेलंच असतं. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्तेसुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की बोलून आदेश देण्याच्या काही यंत्रणा वापरल्यावर चालकाचं लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. ताशी ६० ला हे ४५० मीटर झाले. शेजारी बसलेला माणूस समोर वळण बघून गप्प होतो. फोनवरच्याला वळण दिसत नाही, तो हप्त्याचा हिशोब विचारतच राहतो. कॉल घेतलाच तर ‘गाडीत आहे, नंतर बोलतो’ एवढंच बोला.

दुचाकीवर

हेल्मेट आणि कान यांच्यात फोन खुपसणं सर्वांत वाईट. मान वाकडी होते, त्या बाजूचा आरसा नजरेतून जातो, हेल्मेटचा बसवलेला घट्टपणा बिघडतो आणि पडलात तर फोन गालाच्या हाडावर दाबला जातो. शर्टाच्या खिशातला फोन थरथरला की हात आपोआप तिकडे जातो. तो सॅकमध्ये टाका. स्कूटरच्या डिकीत ठेवलात तर लांबच्या प्रवासात उन्हाळ्यात भाजेल, हे ध्यानात ठेवा. हँडलवर लावणार असाल तर कंपन शोषणारा होल्डर घ्या, नाहीतर मोठ्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेरा बिघडतो.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ ची दुरुस्ती झाल्यापासून हातात फोन घेऊन चालवणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्यांदा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला ऑक्टोबर २०२० पासून मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने.

लाल सिग्नलला थांबलात म्हणजे गाडी चालवणं संपलं असं नाही. मागचा हॉर्न वाजवतो, तुम्ही दचकून फोन टाकता आणि क्लच सोडता. झेब्रावर अजून आजी चालत असतात.

फोन पायाशी पडला तर वाकू नका. तो ब्रेकच्या पेडलखाली सरकला तर पेडल पूर्ण दाबलं जात नाही. पायाने चाचपायचं नाही. वेग हळूहळू कमी करा, डावा इंडिकेटर द्या, पेट्रोल पंप किंवा हॉटेलच्या आवारात गाडी घ्या. एक्सप्रेसवेवर असाल तर कडेला थांबू नका, मागून ट्रक येऊन आदळतो. पुढच्या फूड मॉलपर्यंत जा. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि दार उघडून, खाली उतरून फोन काढा.