नेट नेमकं कुठे अडलंय?

पावसात फोंड्याला नेट गेलं की आम्ही आधी राउटर बंद-चालू करतो. त्याऐवजी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) 'आयपीकॉन्फिग' टाका (इंग्रजी अक्षरांत, अर्थात). 'डिफॉल्ट गेटवे'समोर १९२.१६८.१.१ सारखा आकडा दिसेल; तो तुमच्या राउटरचा पत्ता.

१. त्याला पिंग करा, म्हणजे तिथेच 'पिंग' आणि पुढे तो आकडा टाकून उत्तर येतं का पाहा. उत्तर नाही? घोळ घरातच: वायफाय, केबल किंवा राउटर.

२. उत्तर आलं, तर पिंग ८.८.८.८ (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर). इथे गप्प, म्हणजे बहुधा बाहेर लाइन तुटलीय. आमच्याकडे हमखास माडाचं चुडत तारेवर पडलेलं असतं. कंपनीला फोन लावा.

३. दोन्ही ठीक, तरी साइट उघडत नाही? डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) बदलून पाहा.

काही राउटर पिंगला उत्तरच देत नाहीत. नेट चालू असताना एकदा तपासून ठेवा. आणि 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' (तिथे पोहोचता येत नाही) असं दिसलं, तर ते उत्तर धरू नका.